ग्रोआने लपवलेला खिळा

मित्रांनो, मी खिळा. बोटाएवढा, लोखंडी. जुना आहे, पण म्हातारा म्हणालात तर टोचेन.

दलदलीतला लाल चिखल तापवून, बडवून लोहाराने मला घडवलं आणि ओस्वीफच्या होडीत ठोकलं. त्याच होडीतून आम्ही ग्रीनलंड सोडलं आणि पश्चिमेला या द्राक्षांच्या किनाऱ्यावर आलो. लाट आपटली की बाकीचे खिळे किरकिरायचे. मला मजा यायची. एका जागी बसणं आपल्याला जमतच नाही.

पुढे होडी कुजली. आमच्यात रीत अशी, की जुनी होडी जाळायची, राखेतून खिळे वेचायचे आणि नव्या होडीला ठोकायचे. लोहार वारला होता, नवे खिळे कोण देणार? ओस्वीफला तर घरी जायचं होतं, बहिणीकडे. त्याची मुलगी ग्रोआ मात्र जाणार नव्हती. तिने इथल्याच लोकांतला तियाम नवरा केला होता.

राख गार झाली तशी ग्रोआने मूठभर खिळे उचलून कमरेच्या पिशवीत टाकले. त्यात मी. दहा दिवस सुईदोऱ्याशेजारी पडून होतो. अंग नुसतं शिवशिवत होतं.

"वरची फळी राहिली. खिळे कमी पडतायत," ओस्वीफ म्हणाला. "ग्रोआ, तू बघितलेस?"

"मी कशाला बघू? एवढी घाई असेल तर पोहत जा."

तियामला पिशवीतलं काहीच ठाऊक नव्हतं. "मामा, लोखंडावाचून काय अडलंय? आम्ही होड्या शिवतो."

"होडी म्हणजे काय सदरा आहे, जावईबापू?"

"सदरा नाही जमत मला. होडी जमते."

त्याने झाडाची मुळं भिजवली, फळीला भोकं पाडून मुळांनीच ती शिवली, वर राळ चोपडली. तीन दिवसांत होडी तयार. ग्रोआ त्याच्याशी बोलेना. आपलं काय चुकलं, ते त्या बिचाऱ्याला कळेना.

निघायच्या सकाळी ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि बापाच्या ओंजळीत पिशवी रिकामी केली. "मी चोरले. तुम्ही जाऊ नये म्हणून."

"माहीत होतं. चाललीस की वाजायचीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तेवढेच चार दिवस जास्त मिळाले." त्याने मला तिच्या हातात परत ठेवलं. "हा मी इथे विसरलो असं समज. पुढच्या उन्हाळ्यात न्यायला येतो."

माझा संताप झाला. बाकीचे समुद्रावर आणि मी ग्रोआच्या घरात, दोरीने खांबाला बांधलेला.

पण तो आला. शिवलेली होडी कुठेही दुरुस्त होते, मुळं आणि राळ जवळ असली की झालं. परत निघताना ग्रोआने मला पुढे केलं. तो म्हणाला, "आत्ता हातात सामान आहे. पुढच्या वेळी."

अकरा उन्हाळे तो मला न्यायला आला आणि अकरा वेळा विसरला.

बाराव्या उन्हाळ्यात होड्या आल्या, तो नव्हता. त्याचा भाचा उतरला. "मामा गेला. जाताना म्हणाला, तुझ्याकडे एक खिळा राहिलाय."

ग्रोआ म्हणाली, "आत्ता सापडत नाहीये. पुढच्या वर्षी ये, देते."

मी तिच्या मुठीतच होतो.

आता दर उन्हाळ्यात चाळीस शिडं येतात. किनाऱ्यावर पोरं दोन्ही भाषांत भांडतात. खारा वारा आला की माझं अंग अजून शिवशिवतं. पण मित्रांनो, मला नेऊ नका. अधूनमधून सीलची चरबी लावा, गंजू देऊ नका. माझ्यासाठी कुणीतरी यायचं राहिलेलं असू दे.