दोनशे अज्ञात इसम

मोर्चा मंगळवारी निघाला. बुधवारी सकाळी पोलिसांनी गुन्हा नोंदवला, तो एका माणसावर आणि दोनशे अज्ञात इसमांवर. तो एक माणूस म्हणजे वली पेंटर, आणि वली पेंटर मोर्चात गेलाच नव्हता. मोर्चा चालला होता तेव्हा तो आपल्या दुकानासमोर उकिडवा बसून एका ट्रॉलीच्या मागे ‘पुन्हा भेटू’ लिहीत होता.

त्याचं असं झालं. दोन हजार सहा साल होतं आणि वऱ्हाडात चौदा-चौदा तास लाईन नसायची. विहिरीत पाणी, वर मोटार, आणि संत्र्याच्या बागा डोळ्यांदेखत वाळत होत्या. अर्ज झाले, निवेदनं झाली, साहेब लोकांनी ती हसून घेतली. शेवटी लोकांचं डोकं फिरलं. विजेच्या ऑफिससमोर कोणीतरी पहिला दगड मारला, मग मागे कोणीच राहिलं नाही. काचा फुटल्या, एक जीप जळाली, लाठ्या आल्या, आणि मोर्चा वाट सापडेल त्या गल्लीतून पांगला. रस्त्यावर राहिलं ते फक्त बारा हात लांब कापडी बॅनर. ‘लाईन द्या, नाहीतर जाब द्या.’ आणि खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक तिरप्या अक्षरांत, ‘पेंटर वली’.

चोवीस वर्षांची सवय ती. शाळेची भिंत असो, उरुसाची कमान असो की गणपतीचा मंडप, कोपऱ्यात नाव टाकल्याशिवाय काम संपलं असं त्याला वाटतच नसे. परतवाड्याच्या उस्तादांनी त्याला तसंच शिकवलं होतं. बॅनर पुरा झाला तेव्हा वलीच्या डोक्यात दुसऱ्या दिवशीची ट्रॉली होती, आणि हात आपोआप कोपऱ्याकडे गेला.

“मोर्चे के बॅनर पे नाम काहेको डाले?” त्याच्या बायकोने, हमिदाने विचारलं. तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं होतं.

“आदत से डल गया,” वली म्हणाला.

दोनशेंच्या मोर्चात पोलिसांना एकच नाव सापडावं आणि ते वली असावं, याचा अर्थ हमिदाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने मुलाला, नईमला, मामाकडे अकोल्याला धाडून दिलं आणि दाराची कडी आतून लावून घेतली.

वलीला मात्र त्या ‘इसम’ शब्दाने छळलं. लहानपणी मौलवीसाहेबांनी शिकवलं होतं, इस्म म्हणजे नाव. पोलिसांच्या मराठीत तोच शब्द ज्याचं नाव ठाऊक नाही त्याला लावतात. म्हणजे ज्यांनी दगड मारले ते सगळे इसम, आणि ज्याने अक्षरं रंगवली तो आरोपी. त्याला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

बुधवारी दुपारपर्यंत गावात जमावबंदी लागली. पाचजण एकत्र दिसले तर उचलणार. ठाणेदार साहेब पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले, येऊन अठरा दिवस झालेले, आणि कायदा म्हणजे कायदा. न्हाव्याच्या दुकानात तीन गिऱ्हाइकं बसायची, चौथा आला की न्हावी आधीच्या एकाला अर्ध्या दाढीवर हाकलायचा, कारण पाचवा तो स्वतः. हापशीवर बाया बादल्या ठेवून चार दिशांना उभ्या. पेंटर, झेरॉक्सवाले, मंडपवाले या सगळ्यांनी मजकूर आधी ठाण्यात दाखवायचा, असं फर्मान निघालं. आणि त्याच संध्याकाळी बाजार समितीच्या हॉलमध्ये ठाणेदार साहेबांचा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा, माणसं तीनशेच्या वर. ती मोजायला कोणी गेलं नाही.

सत्कार घडवून आणला गावचे पुढारी उत्तमराव इंगोल्यांनी. बॅनरचा मजकूरही त्यांनीच सांगितला होता. खरं तर त्यांचे शब्द होते, ‘लाईन द्या, नाहीतर जाळून टाकू.’ वलीच ब्रश खाली ठेवून म्हणाला होता, “भाऊ, हे लिहाले नोका लावू. पोलीस मांगं लागतीन.” मग ‘जाब द्या’वर ठरलं. वली बुधवारी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आला. दोन्ही वेळा त्यांच्या बायकोने, पार्वताबाईंनी दारातूनच सांगितलं, हे अमरावतीले गेले. दुसऱ्या वेळेला आतून उत्तमरावांचा आवाज येत होता. ते फोनवर कोणाला तरी शांततेचं महत्त्व सांगत होते.

गुरुवारी अकरा वाजता तहसिलीत शांतता समितीची बैठक बोलावली होती आणि वलीला हजर राहायचा निरोप होता. ठाण्यातले नत्थुजी जमादार त्याला घ्यायला आले. जन्मापासून याच गावचे. वाटेत ते एवढंच बोलले, “वलीभाई, तोंड सांभाळून बोलजा. साहेबाले कोनाले तरी आत टाकाच लागते.”

गावात लाईन नव्हती. तहसिलीत जनरेटर धडधडत होता आणि हॉलमधले सहाही पंखे फिरत होते. समितीचे अकरा सभासद गोल बसले होते. वलीने एकेकाकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं, की यातले आठजण मंगळवारी त्याच्या दुकानासमोरून घोषणा देत गेले होते. आज सगळ्यांचे कपडे पांढरेशुभ्र होते. साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत उत्तमराव. टेबलावर तो बॅनर घडी घालून ठेवलेला, कोपरा वर.

“हे तुमचंच नाव ना?” ठाणेदारांनी विचारलं.

“हो साहेब.”

“कोणी करायला सांगितलं?”

वलीने उत्तमरावांकडे पाहिलं. तो तोंड उघडणार तोच उत्तमराव म्हणाले, “साहेब, बॅनर म्हंजे सार्वजनिक काम. एका कोनाचं नसते ते.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. वलीला त्या क्षणी त्या माणसाचा एवढा राग आला, की कानशिलं गरम झाली, पण रागापेक्षा भीती मोठी होती. अकराजण एकीकडे, आणि तो एकटा.

“ते जाऊ द्या,” साहेब म्हणाले. “मला बॅनरशी घेणंदेणं नाही. वरून रोज फोन येतो, दोनशेपैकी किती पकडले. तुम्ही गावातल्या निम्म्या पाट्या रंगवल्या आहेत. तुम्हाला ठाऊक नाही असं नाव या गावात नसेल. मोर्चा तुमच्या दारावरूनच गेला. वीस नावं लिहून द्या, तुमचं नाव मी काढतो. नाही दिलीत तर आज रात्री तुम्ही कोठडीत.” त्यांनी कागद आणि पेन पुढे सरकवलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

वली खुर्चीवर बसला. त्याला सगळे आठवत होते. पानठेल्यावरचा संजू, घोषणा देता देता त्याच्याकडे पाहून हसलेला. नत्थुजींचा पुतण्या. डेअरीवाली बेबीताई, तिच्या हातात दगड नव्हता, रिकामी घागर होती. यातलं एकेक नाव लिहायचं म्हणजे एकेका घरातलं माणूस उचलून द्यायचं, आणि मग ह्याच गल्ल्यांतून हमिदाने भाजी आणायला जायचं. आणि नाही लिहिलं तर? जामीन कोण राहील? अकरा पांढरे सदरे खिडकीबाहेर बघत होते. पेन धरलेल्या बोटांना घाम आला.

मग त्याने पहिलं नाव लिहिलं. दुसरं लिहिलं. एकदा सुरुवात झाल्यावर हात थांबला नाही. नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं वळणदार.

“वाचा,” साहेबांनी कागद नत्थुजींना दिला.

“पंजाबराव सदाशिव काळमेघ,” नत्थुजींनी वाचलं आणि ते थांबले. पंजाबरावाचा पंचनामा त्यांनी स्वतः केला होता. मागच्या साली, आखाडीच्या आधी, लिंबाच्या झाडाखाली.

“काय झालं?”

“काई नाई साहेब.” नत्थुजींनी घसा साफ केला. “गजानन महादेव ठोंबरे. बाबाराव तुकाराम वानखडे.”

अकराच्या अकराजणांना कळलं होतं. गेल्या तीन वर्षांत या पंचक्रोशीत जी माणसं औषध पिऊन, फास लावून, विहिरीत उडी घेऊन गेली, त्यांतली ही वीस. प्रत्येकाची ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वलीने रंगवली होती. बापाच्या नावासकट ती त्याला पाठ होती, कारण अशा पाटीवर चूक झालेली लोकं विसरत नाहीत. या अकराजणांतल्या प्रत्येकाने त्यांतल्या कोणाला ना कोणाला खांदा दिला होता. एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी वली संपला असता. पण मग साहेबांनी खरी नावं मागितली असती, आणि ती देताना बॅनर कोणी सांगितला हेही वलीला आठवलं असतं. म्हणून कोणी बोलत नव्हतं. पंखे तेवढे फिरत होते.

नत्थुजी न अडखळता वाचत गेले. चौथं, पाचवं, सहावं. सातव्या नावावर त्यांनी एकदा उत्तमरावांकडे पाहिलं.

“देवमन गुलाबराव इंगोले.”

साहेबांनी मान वर केली. “इंगोले? उत्तमराव, तुमच्या भावकीतला?”

उत्तमरावांनी वलीकडे पाहिलं. वलीने नजर खाली केली नाही. खाली करायची ताकदच त्याच्यात उरली नव्हती.

“लहाना भाऊ,” उत्तमराव म्हणाले. “सख्खा.”

“मोर्चात होता?”

उत्तमरावांनी खिशातून रुमाल काढला आणि तो नुसता हातात धरून ठेवला.

“होता,” ते म्हणाले.

“आता कुठे सापडेल?”

“वावरात. वावरातच रायते तो आता.”

साहेबांनी नावापुढे ‘शेतात’ असं लिहून घेतलं आणि नत्थुजींना पुढचं वाचायला सांगितलं.