न फुटलेली सुपारी

दिवसा कॉलेजात फायनान्स शिकवणारा ज्ञानेश संध्याकाळी द्वारका चौकाजवळच्या एका क्लासमध्ये डेरिव्हेटिव्ह, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, शिकवायचा. शेअर बाजारात ऑप्शन नुकतेच आले होते आणि ते न कळताच श्रीमंत होऊ पाहणाऱ्यांची क्लासला गर्दी होती. त्यांच्यासाठी त्याचा एक ठरलेला दाखला होता. "फॉरवर्ड म्हणजे सुपारी फुटणं. दोन्ही बाजू बांधल्या गेल्या. भाव चढो की पडो, मांडव घालायचाच. ऑप्शन म्हणजे 'मुलगी पसंत आहे, कळवतो.' बांधलेली एकच बाजू, दुसरीला नुसता हक्क. फक्त तो हक्क फुकट मिळत नाही. प्रीमियम मोजावा लागतो, आणि त्याला मुदत असते."

पोरं हसायची. दाखला त्यालाही आवडायचा.

त्याच वर्षी त्याच्या धाकट्या बहिणीला, मंजुषाला, गावातल्याच सिडको वसाहतीतलं स्थळ आलं. मुलगा साई, अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये. तो मुलगी बघून परत गेला आणि बैठकीला त्याची आई विमलाबाई आल्या. ज्ञानेशने सुपारी अडकित्त्यात धरली, तेवढ्यात बाईंनी ती अलगद काढून पर्समध्ये टाकली. साई दिवाळीनंतर येतोय, त्याच्यासमोरच फोडू, तोवर फुटली असंच समजा, आणि हो, दुसरं स्थळ मात्र बघू नका, असं त्यांचं म्हणणं पडलं. फायनान्सच्या मास्तरने मान डोलावली. प्रीमियम नाही, मुदत नाही. वर बाईंना लाडवांचा डबाही बांधून दिला.

दिवाळी झाली, तुळशीची लग्नंही झाली. फोनवर कधी साईचा व्हिसा आडवा यायचा, कधी बाईंचे गुडघे. हेच गुडघे पुण्यात आणि नगरला मुली बघत हिंडत असल्याचं कानावर आलं. ज्ञानेशने मात्र दिल्या शब्दाखातर दोन चांगली स्थळं परतवली. मंजुषाने त्याच्याशी बोलणं कमी केलं.

मग साईची कंपनी बुडाली आणि तो बॅगा घेऊन सिडकोत परतला. आठवड्याच्या आत विमलाबाई दारात.

त्यांनी चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले. साई आता इथेच राहायचं म्हणतो, कॉलेजात तुमची ओळख असेलच, मंजुषाची बँकेतली नोकरी आहेच, असं सगळं शेंगदाण्यांच्या अधूनमधून सांगितलं. मग बोटं सोफ्याच्या कव्हराला पुसून पर्स उघडली. खोकल्याची गोळी चिकटलेली ती सुपारी त्यांनी बशीत ठेवली.

"शब्द म्हणजे शब्द, ज्ञानेशराव. आमच्यात सुपारीला मान आहे."

ज्ञानेशला बाईंची किळस आलीच, पण ओठांवर आलेल्या आपल्याच वाक्याची जास्त आली. तो म्हणणार होता, मुहूर्त कधीचा बघायचा?

"दादा, तू थांब," मंजुषा म्हणाली.

तिने गोळी नखाने काढून बशीच्या कडेला ठेवली, सुपारी अडकित्त्यात धरली आणि दाबली. आतून ती पोखरलेली होती, भुगाच जास्त निघाला. तिने तो नीट गोळा केला, बडीशेपेच्या डबीतली चिमूटभर बडीशेप वर टाकली आणि बशी विमलाबाईंपुढे धरली.

"चहा झाला असेल तर सुपारी घ्या, काकू. रिक्षा कोपऱ्यावर मिळेल."

बाईंनी सवयीने चिमूट तोंडात टाकली, आणि दोनदा चावून थांबल्या.