सहाशे चौदावा डाव

“दादा, तुझं ते धूड एकदाचं घेऊन जा,” बहिणीने फोनवर फर्मान सोडलं. तिच्या लाँड्रीत नवा कॉम्प्युटर येणार होता. कपड्यांच्या चिठ्ठ्या छापायला दादाने अकरा वर्षांपूर्वी बसवून दिलेला जुना आता टाकायचा होता.

दादाचा धंदा चष्म्याच्या काचा घासायचा. प्रोग्राम लिहिणं ही हौस, आणि त्या हौसेला धरबंध नव्हता. बुद्धिबळाचा खेळ अर्ध्यावर, घरच्या पुस्तकांची यादी अर्ध्यावर. “तुमचं एक तरी लेकरू बाळसं धरतंय का?” बायको विचारायची.

असंच एक अर्धवट लेकरू त्या कॉम्प्युटरवर होतं. स्क्रीनवर हिरवं गवत आणि ते खाणारे पांढरे किडे. पोट भरलं की किड्याचे दोन व्हायचे. पण दुसरा हुबेहूब नाही, किंचित वेगळा. गवत फक्त गवताच्या शेजारीच उगवायचं. किडे असे हावरट, की दुपारपर्यंत सगळं फस्त करून उपाशी मरायचे. कंटाळून दादाने एक ओळ घातली होती: सगळे मेले की नवा डाव मांडायचा. मग मुलगी झाली, आणि किडे डोक्यातून पार गेले.

लाँड्रीत वाफेचा आणि साबणाचा वास भरला होता. दादाने चिठ्ठ्यांची खिडकी बाजूला सारली. मागे किडे चालूच होते.

“अगं, हे अजून चालतंय?”

“वीज गेली तरी परत आल्यावर होतं तिथून आपलं आपण सुरू होतं. मला वाटलं, शोभेचं असेल.”

कोपऱ्यात आकडा होता. डाव : ६१४. म्हणजे सहाशे तेरा वेळा सगळे मेले होते. आणि खालच्या तारखेप्रमाणे हा डाव सुरू होऊन सात वर्षं झाली होती.

दादा स्टूल ओढून बसला. गवताचे गोल गोल ताटवे होते. किडे त्यांच्या कडेकडेने फिरत, बाहेरचं तेवढं खात, आणि आतल्या गवताला तोंड लावत नव्हते. एका ताटव्याची कड संपत आली, तसे तिथले किडे उठले आणि दुसरीकडे गेले. मागे राहिलेलं गवत हळूहळू पसरू लागलं.

“बियाणं राखतायत गं ते!”

“मग? तूच शिकवलं असशील.”

“नाही ना!” त्याने प्रोग्राम उघडून दाखवला. जेमतेम तीनशे ओळी. “खा, फूट, मर. याच्यापलीकडे मी काहीच लिहिलं नाही.”

बहीण ओले हात पदराला पुसत वाकली. काउंटरवर कोणीतरी चिठ्ठी आपटत होतं.

“यांना माहीत असेल का रे, आपण बघतोय ते?” तिने हळूच विचारलं, जणू ते ऐकतील.

तेवढ्यात नवा कॉम्प्युटर घेऊन माणूस दारात आला. दादा उठून स्क्रीनच्या आड उभा राहिला.

“तो त्या टेबलावर लावा,” बहीण त्या माणसाला म्हणाली. “इथली जागा भरलेली आहे.”