आमेन कोण म्हणालं?

अल्बम स्वतःच्या खर्चाने काढायचा असं नवऱ्याने जाहीर केलं, तेव्हा ती जो हिशोब मांडून बसली तो गाणी बसवून झाली, स्टुडिओ ठरला, तरी जुळला नव्हता. गाण्यांबद्दल तिची तक्रार नव्हती. सहाही प्रभूची, नवऱ्याने लिहून चाल लावलेली. चर्चमध्ये ती सुरू झाली की मागच्या बाकावरचे पेंगणारेसुद्धा डोळे उघडत. पण पैसे घातले जाणार होते ते घरावर एक खोली चढवायला साठवलेले, आणि मुलगी आता रांगायला लागली होती.

तिने अट घातली, स्टुडिओ एकच दिवस. होतील तेवढी गाणी.

"पाच गाण्यांचा अल्बम कोण काढतं?" नवऱ्याने विचारलं.

"ज्यांच्या घरात एक खोली कमी असते ते."

तरी सहावं व्हायलाच हवं होतं. ते मुलीच्या जन्माच्या वेळी लिहिलेलं, अल्बमचं नावही त्याचंच. शिवाय आधी छापलं तर स्वस्त पडेल म्हणून तिनेच घासाघीस करून कव्हर छापून घेतलं होतं. त्यावर सहा गाणी होती.

स्टुडिओ म्हणजे टायरच्या दुकानामागची एक खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, दारावर लाल दिवा. रेकॉर्डिस्ट मोजकं बोलणारा माणूस. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "प्रत्येकाचा आवाज वेगळा घेतला तर चार दिवस. सगळे एकदम गायलात तर एक दिवस, पण एक जण शिंकला तर सगळ्यांचं गेलं."

"आमच्यात कोणी शिंकत नाही," ती म्हणाली होती, आणि आदल्या दिवशी सगळ्यांना वाफ घ्यायला लावली होती.

कोरसला चौघीजणी: ती, सासूबाई, नवऱ्याची काकी आणि चर्चमधली एक नर्स. नवरा कीबोर्डवर. मुलगी बाहेर आजोबांकडे.

पहिलं गाणं सुरेख झालं. कीबोर्डचा शेवटचा सूर हळूहळू विरत असताना चौघी आणि नवरा एका आवाजात म्हणाले, "आमेन."

रेकॉर्डिस्ट काचेमागून बाहेर आला. "हे गाण्यात आहे?"

"गाण्यात नाही," काकी म्हणाली, "गाण्यानंतर असतं."

"सूर पूर्ण विरेपर्यंत काही बोलायचं नाही."

"मग तेवढं कापून टाका ना," सासूबाई म्हणाल्या.

"चहातून साखर काढून देता येते का तुम्हाला?"

एवढ्या वर्षांची सवय ती, जिभेवर ठाण मांडून बसलेली. दुसऱ्या खेपेला तिघांचं आमेन आलं, तिसऱ्या खेपेला दोघांचं. नवऱ्याने ओठ दातांखाली धरले. नर्सने शेवटच्या ओळीला दीर्घ श्वास घेऊन तो धरूनच ठेवायला सुरुवात केली. दुपारपर्यंत सगळ्यांची आमेनं आवरली, एक सोडून. बारीक, घाईघाईने म्हटलेलं, खालच्या पट्टीतलं. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन, त्यामुळे आपल्यातलं कोण ते कळेना.

ती डोळ्यांत तेल घालून एकेकीच्या तोंडाकडे बघत गाऊ लागली. शेवटची ओळ आली की आणखी टक लावायची. मनातल्या मनात ती देवाला विनवायची, एवढा टेक निभावून ने रे बाबा. आणि रेकॉर्डिस्टचा हात वर जायचा. पुन्हा.

"आई, तुम्हीच म्हणालात."

"मी?" सासूबाई म्हणाल्या.

"ओठ हलले तुमचे."

"कोरडे पडले म्हणून जीभ फिरवली गं."

"तू अशी बघतेस ना," काकी म्हणाली, "की ताटातला घास मोजतेयस असं वाटतं. माझा तर सूरच आत पळतो."

मग तिने प्रत्येकीच्या तोंडात पेपरमिंटची गोळी दिली. पुढच्या टेकला आमेन आलंच, वर गोळ्या दातांवर वाजल्या.

तरीही रडतखडत पाच गाणी झाली. कधी दाराच्या काचेतून आजोबांच्या खांद्यावर रडणारी मुलगी दिसायची, तिचं सगळं लक्ष तिकडे जायचं, आणि नेमका तोच टेक स्वच्छ निघायचा. नातीला बघून सासूबाई भानावर येतात, असा तिने अर्थ लावला.

सहाव्या गाण्याला मुलगी झोपली.

तीन टेक गेले. स्टुडिओची पुढची वेळ घेतलेले जाहिरातीवाले बाहेर येऊन घड्याळं बघू लागले. नवऱ्याने कीबोर्डवरून हात उचलले आणि कव्हरवर सहावं नाव खोडता येईल का, असं हळूच विचारलं. ते ऐकून तिचं डोकं फिरलं.

"चौघींना वेगळे माइक लावा," ती रेकॉर्डिस्टला म्हणाली.

"भाडं वेगळं पडेल."

"पडू दे. एकदाचं कळू दे."

छापखान्यात घासाघीस करणारी बाई ती हीच का, असा चेहरा करून नवरा बघत राहिला. माइक लागले, गाणं झालं, आमेन आलं. ती सासूबाईंकडे वळली. रेकॉर्डिस्टने प्रत्येक माइक वेगळा ऐकवायला घेतला.

नर्सचा, काही नाही. काकीचा, सुस्कारा. सासूबाईंच्या माइकमधून पोटातली गुरगुर ऐकू आली.

"दुपारी धड जेवू कुठे दिलंस?" त्या म्हणाल्या.

मग चौथा. आधी कुजबुज, अगदी स्पष्ट: "देवा, हे एवढं एक होऊ दे. खोली नाही झाली तरी चालेल. त्याचं हे गाणं राहू देऊ नकोस. आमेन."

गाद्या ठोकलेल्या त्या भिंतींत तिला लपायला जागा असती तर बरं झालं असतं. नवरा तिच्याकडे बघत होता, आणि तो हसत नव्हता.

"मला तर सकाळपासून ऐकू येतंय," सासूबाई म्हणाल्या. "माझा हेडफोन एका बाजूने बंदच आहे."

"मग सांगितलं का नाहीत?"

"प्रार्थना करणाऱ्या माणसाला मध्येच कसं थांबवायचं?" त्यांनी पदर सारखा केला. "शिवाय माझ्यावर आळ घेण्यात तू इतकी रमली होतीस."

काकीला हसू आवरेना. नर्सने धरून ठेवलेला श्वास आता कुठे सोडला.

"मी बाहेर थांबते," ती म्हणाली. "तुम्ही तिघी गा."

"तुझ्याशिवाय हे गाणं नाही घ्यायचं," नवरा म्हणाला.

"मला थांबवता येत नाही रे. मला कळतच नाही."

रेकॉर्डिस्ट दाराकडे बघत म्हणाला, "एकच होईल आता. बाहेरचे आत शिरतील."

"उभी राहा इथे," सासूबाई म्हणाल्या. "मी बघते."

लाल दिवा लागला. गाणं सुरू झालं. ती कोणाच्या तोंडाकडे न बघता गायली, कारण बघायला आता कोणी उरलं नव्हतं. शेवटची ओळ आली, आणि शेवटचा शब्द सुटताक्षणी सासूबाईंनी मान न वळवता आपला तळहात तिच्या तोंडावर ठेवला. हाताला बेबी पावडरचा वास होता. कीबोर्डचा सूर लांबला, बारीक झाला, विरला. काचेमागे रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला. दिवा विझला.

हात तसाच.

"आई, झालं," नवरा म्हणाला.

"थांब जरा," सासूबाई म्हणाल्या. "तिचं अजून चालू आहे."