खिशातला पेचकस आणि उघडी जाळी

मित्रांनो, आजही कुठे चाक फिरल्याचा आवाज आला की माझ्या पाती आतल्या आत आकसतात. लोखंडालाही भीती वाटते, हे तुम्हाला खरे वाटणार नाही. पण मी पाच कामांचा घडीचा चाकू आहे आणि माझ्या मोठ्या पातीचे टोक मोडलेले आहे. ते कसे मोडले, तेच आज सांगतो.

माझा जन्म कोणत्या गावी झाला, ते मला ठाऊक नाही. एवढे आठवते, की १९६१ सालच्या हिवाळ्यात मी कटंगीच्या बाजारात टिकाराम नावाच्या फेरीवाल्याच्या ताडपत्रीवर पडलो होतो. शेजारी एक चकचकीत आठ कामांचा चाकू होता. त्याला कैची होती, चमचा होता, बाटलीचे झाकण काढायची सोय होती. माझ्याकडे एक मोठी पात, एक लहान पात, स्क्रू फिरवायचा पेचकस, डबा फोडायची आकडी आणि चामड्याला भोक पाडायची आरी, एवढेच. येणारा जाणारा त्यालाच हातात घेई.

त्या दिवशी पुनाराम मिस्त्री आले. गावाबाहेरच्या धानाच्या गिरणीत ते कामाला होते. त्यांनी आम्हा दोघांना घेऊन उकिडवे बसून पाऊण तास घालवला. आठ कामांच्या चाकूची कैची उघडली, तर चमचाही सोबत बाहेर आला. पात उघडून दाबली, तर ती बोटावर मिटली.

"मिस्त्री, हा आठ कामाचा हाय. तुमी पाच कामाचा काहून पाहून राह्यले?" टिकारामने विचारले.

"आठ कामं येतात त्याले, पन एकबी धड येत नाही. याची पात पाह्य, उघडली का जागची हालत नाही. अन् हात ओला असन तरी दातानं उघडता येते."

आणि मी त्यांच्या खिशात गेलो. आरीने मी गिरणीच्या चामडी पट्ट्याला भोके पाडली, पेचकसाने शेकडो स्क्रू आवळले. मिस्त्री मला रोज संध्याकाळी पुसत आणि सांध्यात तेलाचा थेंब सोडत. पाच वर्षे मी सुखात होतो.

मग तो हंगाम आला. धानाच्या गाड्या दारापासून सडकेपर्यंत उभ्या होत्या. इंजिनापासून यंत्रापर्यंत जाणारा एक जाड लोखंडी दांडा कमरेइतक्या उंचीवर गरगर फिरत असे. त्याच्यावर तारेची जाळी होती, चार स्क्रूंनी पक्की बसवलेली. ग्रीस घालायला मिस्त्रींनी जाळी काढली. दोन स्क्रू कोंड्याच्या ढिगात पडले आणि सापडले नाहीत. तेवढ्यात गिरणीचे मालक शेठ ओरडले, "चालू करो भई, गाडियाँ खड़ी हैं!" मिस्त्रींनी जाळी भिंतीला टेकवून ठेवली आणि इंजिन सुरू करायला सांगितले.

"उद्या लावतो," ते स्वतःशीच म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही ते तेच म्हणाले. खिशात मला दांड्याची घरघर ऐकू येई आणि माझा पेचकस थरथरे. मला हातपाय असते तर मी स्वतः उडी मारली असती.

कोंडा चाळायला पाचसहा बाया येत. त्यात अंजनाबाई होत्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मिस्त्री, ते जाळी कवा लावता? मले तिथून जाताना भेव वाटते."

"लावतो ना. तुमी जरा हटून चाला."

आठव्या दिवशी दुपारी अंजनाबाई सूप उचलायला वाकल्या. पदराचे टोक दांड्यावरच्या नटाला लागले. दांड्याने पदर गुंडाळायला सुरुवात केली, एक वेढा, दोन वेढे, तीन. त्या किंचाळल्या, पण पट्ट्यांच्या आवाजात ती किंकाळी विरली. इंजिनवाला प्रेमलाल भिंतीपलीकडे होता.

मिस्त्री धावले. डाव्या हाताने त्यांनी अंजनाबाईंची कंबर धरली, पाय खांबाला रोवला आणि उजवा हात खिशात घातला. मी बाहेर आलो. त्यांचा अंगठा ग्रीसने माखलेला होता. नख खाचेत बसेना. पहिल्यांदा आरीच उघडली! मी आतून ओरडत होतो, मोठी, मोठी पात! त्यांनी आरी तशीच सोडली, मोठ्या पातीची खाच दातात धरली आणि मला ओढून ती उघडली.

पदर पिळून दोरासारखा झाला होता आणि गळ्यात रुतला होता. मिस्त्रींनी गळा आणि पदर यांच्यामध्ये आपले बोट घातले. मी त्या बोटाला टेकून चाललो. माझ्या धारेपासून एका बोटावर अंजनाबाईंच्या गळ्याची शीर उडत होती. मित्रांनो, तेवढी भीती मला कधीच वाटली नव्हती. मी कापत होतो आणि मनात म्हणत होतो, आणखी थोडे, पण याच्यापलीकडे नको. मिस्त्रींचे बोट चिरले गेले. मग कापड टरकन फाटले, माझे टोक दांड्यावर आदळून मोडले, आणि ती दोघे कोंड्यात कोसळली.

अंजनाबाई वाचल्या. गळ्याभोवती काळानिळा वळ उमटला आणि तीन दिवस त्यांचा आवाज बंद होता.

गावात मिस्त्रींचे कौतुक झाले. "चाकू असावा त असा!" म्हणून लोक मला हातोहात फिरवू लागले. मिस्त्री मान खाली घालून बसत. जाळी त्या संध्याकाळी प्रेमलालने लावली. आणि मला मिस्त्रींनी खिळ्यांच्या डब्यात टाकून दिले. तिथे ओल होती. माझे सांधे गंजले, पण त्याहून मला ते आठ दिवस खात होते.

काही दिवसांनी त्यांनी डबा उघडला, मला खिशात घातले आणि अंजनाबाईंच्या घरी गेले. त्यांच्या सासूबाई चंपाबाई दारातच म्हणाल्या, "या मिस्त्री, देवासारखे धावले तुमी!"

"तसं नोका म्हणू, मावशी. जाळी मीच काहाडली होती. आठ दिवस लावली नाही."

आतून घोगरा आवाज आला. "हौ, मले मालूम हाय. मीच सांगतलं होतं नं तुमाले."

अंजनाबाई बाहेर आल्या. "शेठ म्हणते, बाईचा पदर ढिला होता, आता ते कामावर नोको. समदे तसंच म्हणून राह्यले. माह्या घरात येऊन सांगून काय होते? तिथं सांगा."

हंगामात मिस्त्रींचे काम गेले तर दुसरी गिरणी तिरोडीपर्यंत नव्हती. खिशात त्यांची मूठ माझ्याभोवती आवळली होती आणि ती घामाने ओली झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिन सुरू करू दिले नाही. सगळ्यांसमोर, शेठसमोर उभे राहून ते म्हणाले, "पदर ढिला नव्हता. जाळी उघडी होती, अन् ते माही चूक हाय. अंजनाबाईनं सांगतलं होतं, मी ऐकलं नाही." शेठ लालबुंद झाले. पण बाहेर गाड्या उभ्या होत्या आणि चाळणीवरच्या बाया सुपे खाली ठेवून उठल्या होत्या. शेठ हात झटकून आत गेले. सोमवारी अंजनाबाई कामावर आल्या, शेठनी अडवले नाही.

आल्या आल्या त्यांनी मिस्त्रींपुढे हात पसरला. "तो चाकू मले द्या. तुमच्या खिशात राहून त्यानं आठ दिवस काय केलं?"

मिस्त्रींनी गंज घासून, तेल घालून मला त्यांच्या हातावर ठेवले.

तेव्हापासून मी अंजनाबाईंच्या कमरेच्या पिशवीत आहे. गिरणी सुरू होण्याआधी त्या जाळीपाशी जातात, माझा पेचकस उघडतात आणि चारही स्क्रू तपासतात. चौथा स्क्रू झाला की त्या मागे सरतात, घसा साफ करतात आणि प्रेमलालला हाक मारतात, "कर सुरू."

मित्रांनो, कुणी तुम्हाला "मले भेव वाटते" म्हणाले, तर त्याला हटून चालायला सांगू नका. त्याच घटकेला आम्हा हत्यारांना बाहेर काढा. खिशात मिटून पडलेल्या चाकूला नुसते भिता येते.