राजीनाम्याचा पेढा

इरावतीची कारकीर्द साडीच्या दुकानापासून सुरू झाली. देवासच्या ए.बी. रोडवरच्या फलकावर ती पैठणी नेसून झळकली आणि काही महिने ट्रकवाले तिच्याकडे बघत गतिरोधकावरून उडाले. मग पीथमपुरातल्या एका कारखान्याच्या कॅलेंडरवर ती कॉम्प्रेसरला टेकून उभी राहिली, मग इंदुरात दागिने घालून रॅम्पवर चालली. यात कुठेच तोंड उघडावं लागलं नाही, हेच तिच्या यशाचं कारण, असं तिचे वडील म्हणत.

वडील वीरेंद्रराव देवासच्या कोर्टात वकील. दिवाळीपर्यंत बोलायचं काम मिळालं तर ठीक, नाहीतर पीथमपुरातल्या औषध कंपनीत जागा आहे, शिफ्टची बस कोपऱ्यावरच थांबते, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. इरावतीच्या स्वप्नात ती बस यायची. नेहमी वेळेवर यायची.

अशात पुण्याहून एका मराठी मालिकेच्या निवडीसाठी प्रसंग आला. व्हिडिओ करून पाठवायचा होता. इरावतीची शाळा हिंदी. मराठी वाचायची वेळ फक्त लग्नपत्रिकांपुरती आलेली. म्हणून ती धारला जयवंती आत्याबाईंकडे गेली. आत्याबाई अजून असं जुनं मराठी बोलतात की ऐकणारा आपोआप ताठ बसतो.

प्रसंग सोपा होता. मुख्याध्यापिका घरी येते आणि नवऱ्याला सांगते, मी राजीनामा दिला.

आता माळव्यात राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांनी कोर्टात समझोता करून खटला मिटवणं. वीरेंद्ररावांची निम्मी वकिली त्यावर चालते. राजीनामा झाला की वादी-प्रतिवादी एकाच ठेल्यावर कचोरी खातात. पुण्यात त्याच शब्दाने नोकरी सुटते, हे इरावतीला ठाऊक नव्हतं. आत्याबाईंनाही नव्हतं. त्यांच्या घराण्यात नोकरी सोडायचा प्रसंग आला नव्हता, कारण फारशी कोणी धरलीच नव्हती.

"नवऱ्याशी मिटलंय हो तिचं," आत्याबाई म्हणाल्या. "तोंड सुतकी नको."

तेव्हा इरावती प्रसन्न हसली, "मी राजीनामा दिला" म्हणाली आणि नवरा म्हणून उभ्या केलेल्या आतेभावाला, अमनला, पेढा भरवला.

दिग्दर्शिका लतिकाबाईंचा लगेच फोन आला. बाकीच्या सगळ्या रडल्या होत्या. "इतक्या वर्षांची नोकरी नवऱ्यापायी सोडून त्यालाच पेढा भरवणारी तू एकटीच. केवढा सूड! सुचलं कसं?"

आत्याबाईंनी सांगितलं, असं इरावती खरं तेच बोलली. आत्याबाई म्हणजे कुठल्याशा नाट्यशाळेतल्या बाई असणार, असं लतिकाबाई धरून चालल्या. भूमिका पक्की झाली.

फोन ठेवल्यावर मात्र 'नोकरी' हा शब्द तिला खटकला. तिने मोबाइलवर अर्थ पाहिला आणि प्रामाणिक मुलगी असल्यामुळे पुण्यात सेटवर पहिल्याच दिवशी अर्थासकट रडली. उत्तम रडली.

लतिकाबाईंनी कॅमेरा थांबवला. "हे सगळ्यांना येतं. ती व्हिडिओतली कुठे गेली? ती सापडली नाही तर मला दुसरी बघावी लागेल."

इरावतीला शिफ्टच्या बसचा हॉर्न ऐकू आला. लपवून उपयोग नव्हता. "ताई, तेव्हा मला मतलबच माहीत नव्हता. आमच्याकडे राजीनामा म्हणजे समझोता."

लतिकाबाईंनी हातातली संहिता मिटली. इरावतीने मनातल्या मनात बॅग भरली.

"असे अजून किती शब्द आहेत तुझ्याकडे?"

"ते कसं सांगू? चुकल्यावरच कळतं."

तिचं मराठी सुधारायला एक भाषाशिक्षक नेमले होते. त्यांना त्याच पगारात नवं काम मिळालं: इरावतीला कोणी काही शिकवत नाही ना, यावर लक्ष ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी सासूने टोमणा मारायचा आणि सुनेने भडकायचं, असा प्रसंग होता. तिला फक्त वाक्य दिलं: "तुम्ही माझी चेष्टा करता?" शाळेतल्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, खटपट. परक्या घरात कोणी आपल्यासाठी एवढी खटपट करतंय म्हणून इरावतीने हात जोडले. वाक्य कसंबसं म्हणून ती सासूच्या पाया पडली. सासूचं काम करणाऱ्या ज्येष्ठ बाईंना पुढचं काही आठवेना. त्या डोळे पुसू लागल्या. लतिकाबाईंनी खुणेनेच सांगितलं, चालू ठेवा.

संध्याकाळी वर्षभराचा करार समोर आला. मराठीत होता. इरावती शेवटी वकिलाची मुलगी. तो तिने हिंदीत करून मागितला, मगच सही केली.