माझी शेवटची सोळा पाने

मित्रांनो, हातातले काम क्षणभर बाजूला ठेवा आणि अशी कल्पना करा की तुम्ही कोणाला तरी गोष्ट सांगत आहात. समोरचा माणूस कान टवकारून बसला आहे. चोर कोण ते आता तुम्ही सांगणार, आणि नेमके तेच तुम्हाला आठवत नाही! तोंड उघडावे तर भलत्याच गोष्टीतले शब्द बाहेर पडतात. मला अकरा वर्षे असेच वाटत आले आहे.

मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. माझा जन्म एका छोट्या छापखान्यात झाला. मोठमोठ्या कागदांवर माझी सोळा-सोळा पाने एकदम छापली, कागदांना घड्या घातल्या आणि अशा अकरा घड्या दोऱ्याने एकत्र शिवल्या. अशा एका घडीला फर्मा म्हणतात. माझ्या गोष्टीत एका संगीतशिक्षिकेचे व्हायोलिन चोरीला जाते. घरातली सहा माणसे एका खोलीत बसतात, दार बंद होते आणि निरीक्षकसाहेब एकेकाला प्रश्न विचारू लागतात.

वाचनालयात मला उसंत म्हणून नव्हती. एका नर्सबाईंचा माझ्यापायी बसचा थांबा चुकला. एका आजोबांनी तर पहिल्याच प्रकरणात ‘चोर माळीच!’ असे पेन्सिलीने ठणकावून लिहिले आणि शेवट वाचल्यावर गुपचूप खोडून टाकले.

इतक्या हातांतून फिरून माझी शिवण उसवली. तेव्हा ग्रंथपालांनी मला बाइंडरकडे पाठवले. माझ्याबरोबर आणखी एक कादंबरी होती. तीही माझ्याच छापखान्यातली, माझ्याच मापाची, अक्षरही तेच. तिच्यात मात्र वादळात सापडलेल्या जहाजाची गोष्ट होती.

बाइंडरच्या हातात कसब होते. पण तो पुस्तक वाचत नसे, पानांवरचे आकडे तेवढे बघत असे. “आकडा जुळला की पुस्तक जुळलं,” असे तो म्हणायचा. त्या दिवशी टेबलावर आम्हा दोघींचे फर्मे सुटे पडले होते. माझा शेवटचा फर्मा पान एकशे एकसष्टपासून सुरू होई, आणि तिचाही तिथूनच. पानांवर कादंबरीचे नाव छापलेले नव्हते. त्याने आकडा पाहिला आणि तिचा शेवट मला शिवला, माझा शेवट तिला. खळ वाळली, पुठ्ठा चढला. नवे रूप पाहून सगळे म्हणाले, “काय देखणं झालंय!”

त्या पानांबरोबर माझी आठवणही गेली. चोर कोण ते माझे मलाच कळेना. माझे पान एकशे साठ असे संपते: ‘निरीक्षकांनी काठी उचलली आणि रोखली थेट’. आणि समोरच्याच पानावर खलाशी जहाजातले पाणी उपसताना दिसतात.

वाचक चिडले. “अहो, चोर पकडायचा सोडून हे बुडायला कुठे निघाले?” असे म्हणून एका गृहस्थांनी मला टेबलावर आपटले. “लेखकाचं डोकं फिरलं असेल,” ग्रंथपाल म्हणाले. वाचनालयाचा नियम होता, एका वेळी एकच पुस्तक. त्यामुळे आम्ही दोघी कधी एका हातात पडलोच नाही. हळूहळू आम्हाला कोणी विचारीनासे झाले. खालच्या फळीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ती. माझ्या पोटातली सहा माणसे बंद खोलीत तशीच बसून राहिली. निरीक्षकांची काठी हवेतच राहिली. मी रोज फळीच्या त्या टोकाकडे बघत असे. माझे काहीतरी तिथे आहे, हे कसे कोण जाणे, मला कळत होते.

मग एका शनिवारी सकाळी एक बाई घाईघाईने आल्या. “भाची आजारी आहे हो. ताप आहे, घसा धरलाय, आणि शाळेची सहल तिला सोडून गेली. रडून रडून उशी भिजवलीये नुसती. रहस्यकथा द्या एखादी, तिला फार आवडतात.”

“मग आज नियम राहू दे बाजूला,” ग्रंथपाल म्हणाले. “या दोन्ही न्या. यांना तसंही कोणी नेत नाही.”

अकरा वर्षांनी आम्ही दोघी एका पिशवीत शेजारी-शेजारी बसलो!

मुलगी रजई गुंडाळून पलंगावर बसली होती. नाक लाल, हातात रिमोट.

“दुसरा सिनेमा ना गं हा, बबडे? तो टीव्ही तरी दमला असेल.”

“मी नाही दमले, आत्या.”

“तू बोलूच नकोस. घशाला विश्रांती सांगितलीये डॉक्टरांनी.”

सिनेमा संपला. मग एक मालिका लागली. तिच्यात खुनी बुरखा काढणार, तोच भाग संपला. पुढचा भाग सोमवारी. “सोमवारी मी शाळेत असणार!” असे ओरडून मुलीने रिमोट उशीखाली कोंबला आणि जहाजाची कादंबरी उचलली. रविवारी सकाळी उठल्यावरही ती तेच वाचत होती.

“आत्या, जहाज बुडतंय आणि हे लोक व्हायोलिन शोधतायत! मूर्ख कुठले!” दोन ओळींतच तिने ते पुस्तक मिटले आणि मला घेतले.

दुपारी ती माझ्या एकशे साठाव्या पानावर आली. आता हीही मला आपटणार, म्हणून मी अंग चोरले. तिने समोरचे पान वाचले. पुन्हा मागे आली. मग उशीशेजारचे ते दुसरे पुस्तक ओढून तिने एकशे एकसष्टावे पान काढले.

“आत्या! या दोघींचे शेवट अदलाबदल झालेत!”

“बघू. अगंबाई, खरंच की!”

“तुझी कात्री दे. आपण काढून नीट लावू.”

“मुळीच नाही. वाचनालयाचं पुस्तक आहे ते, तुझी वही नाही. उद्या मी ग्रंथपालांना दाखवीन, ते नीट शिवून आणतील. तू वाच आणि झोप.”

मित्रांनो, एक विनवणी करते. पुस्तक शिवायला घ्याल तेव्हा आकड्याबरोबर दोन ओळीही वाचा. आणि एखादे पुस्तक मध्येच भलते बोलू लागले, तर त्याला वेडे ठरवण्याआधी या मुलीसारखे एकदा मागे उलटून पाहा.

मुलीने मला उघडेच गुडघ्यावर ठेवले आणि दुसरे पुस्तक हातात धरले. माझी पाने माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. पण ती मनातल्या मनात वाचणार! तिच्या मनात खोलीचे दार उघडेल, सहा माणसे घरी जातील, आणि मला एक शब्दही ऐकू येणार नाही.

तेवढ्यात कपड्यांच्या घड्या घालता घालता आत्या म्हणाली, “कोणी चोरलं गं मग ते व्हायोलिन?”

“थांब, वाचूनच दाखवते.”

“अगं, घसा!”

“सोळाच पानं आहेत, आत्या.”

तिने कोमट पाण्याचा एक घोट घेतला. आधी माझ्यावर बोट ठेवून, बसलेल्या आवाजात तिने माझी ओळ वाचली, “निरीक्षकांनी काठी उचलली आणि रोखली थेट...” आणि मध्ये श्वाससुद्धा न घेता ती हातातल्या पानावरून पुढे वाचू लागली.